इन्सुलिन, डबा आणि दोनची ओव्हर : मेडिसिन वॉर्डातल्या प्रकल्प नोंदी

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

कागदावर विषय 'रुग्णसुरक्षा' एवढा मोठा आला होता. मेट्रन मॅडमकडे बसून आज तो आखूड करून घेतला. कोल्हापुरातला आमचा मेडिसिन वॉर्ड, स्त्री आणि पुरुष दोन्ही बाजू, आणि औषधांपैकी फक्त इन्सुलिन. वेळ उरला तर पोटॅशियम क्लोराइड. हात धुण्यापासून पेशंट खाटेवरून पडण्यापर्यंत सगळं एकदम हातात घेतलेले प्रकल्प मी पाहिलेत. वर्षाअखेर त्यातून एक जाड फाईल आणि भिंतीवर चार पोस्टर उरतात.

इन्सुलिन घेण्याचं कारण सरळ आहे. 'हाय अलर्ट', म्हणजे चूक झाली तर जिवावर बेतणाऱ्या औषधांच्या यादीत ते रक्त पातळ ठेवणारं हेपारिन, मॉर्फिन आणि सांद्र पोटॅशियमच्या पंक्तीला बसतं. बाकीची तीन हातात घेताना स्टाफ दोनदा बघतो. इन्सुलिन मात्र रोजचं, तीन वेळचं, त्यामुळे त्याचा धाक राहिलेला नाही. आणि आमच्याकडे ज्या खाटेवर बघावं तिथं शुगर आहेच, पेशंट न्यूमोनियाचा असो की कावीळचा.

गटात मी, दोन स्टाफ नर्स, औषध भांडारातले फार्मासिस्ट आणि आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी). वॉर्डातल्या मावशींना घ्या असं मी म्हटलं. त्यावर बैठकीत थोडं हसू झालं.

४ सप्टेंबर

मागच्या महिन्यांचे केसपेपर काढून हायपोच्या, म्हणजे रक्तातली साखर फार खाली गेल्याच्या, नोंदी वेगळ्या केल्या. साखर ७० च्या खाली गेली ती प्रत्येक वेळ घड्याळासकट लिहून काढली. पहाटेचे काही अपेक्षित होते. पण बहुतेक दुपारी दीड ते अडीचच्या दरम्यान निघाले.

वेळापत्रक असं आहे : बाराला साखर तपासायची, सव्वाबाराला रेग्युलर (जेवणाआधीचं) इन्सुलिन, त्यानंतर अर्ध्या तासानं जेवण. इन्सुलिनचा परिणाम साधारण अर्ध्या तासात सुरू होतो आणि दोन ते चार तासांत सर्वांत जोरात असतो. म्हणजे पावणेएकला पेशंटच्या पोटात भाकरी गेली पाहिजे. प्रत्यक्षात आमचे निम्मेअधिक पेशंट घरच्या डब्यावर. डबा भुदरगडातून, राधानगरीतून, गगनबावड्याकडून एसटीनं यायचा, स्टँडवरून रिक्षानं यायचा, मग खाली वॉचमनकडे पास दाखवून वर यायचा. कधी एकला पोचतो, कधी पावणेदोनला.

आणि पावणेदोनला आम्ही काय करत असतो? सकाळची ड्यूटी चार्ट पुरे करत असते, दुपारची कपडे बदलून येत असते. दोनला ओव्हर, म्हणजे एका ड्यूटीनं दुसरीला पेशंट सोपवणं. पेशंटला घाम सुटायची वेळ आणि सगळा स्टाफ टेबलाभोवती उभा असायची वेळ एकच. कोणाचा हलगर्जीपणा शोधायची गरजच पडत नाही, वेळापत्रकच तसं बसलंय.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. महाद्वार रोडपासून पंचगंगेपर्यंत मिरवणुका, गाड्या वळवलेल्या. निम्मे डबे तीन वाजून गेल्यावर आले. एका आजींचा नातू खाली येऊन अर्धा तास उभा होता, त्याला जिन्यावरच अडवलेलं. दोन खाटांवर हायपो झाला. एकीला साखरपाणी पुरलं, दुसऱ्या काकांना शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) द्यावं लागलं. ओव्हर अर्ध्यावर सोडून धावाधाव. संध्याकाळी दोघंही ठीक होते.

आरएमओ सर म्हणाले, "हे वर्षातून एकदाच होतं." मी त्यांना केसपेपरची यादी दाखवली.

९ सप्टेंबर

आज सिरिंजचा खण उघडून बसले. लाल टोपणाच्या आणि केशरी टोपणाच्या सिरिंज एकाच डब्यात. नव्या मुलींसाठी हे इथं सविस्तर लिहून ठेवते, कारण शिकताना एक ओळ वाचलेली असते आणि वॉर्डात आल्यावर सगळ्या सिरिंज सारख्याच दिसतात.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं. नेहमीच्या व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) एका मिलीत ४० युनिट. इन्सुलिन पेनाच्या कार्ट्रिजमध्ये (आत बसणाऱ्या नळीत), आणि काही व्हायलमध्येही, एका मिलीत १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या इन्सुलिनसाठी, केशरी १०० च्या. सिरिंजवरचे आकडे युनिटचे असतात, पण ते तिच्या जोडीच्या इन्सुलिनपुरतेच खरे. आता पेशंटचं पेन बिघडलंय, नातेवाईक कार्ट्रिज हातात देतात आणि आपण लाल सिरिंजनं त्यातून '२०' पर्यंत ओढतो. ते झालं अर्धा मिली. अर्ध्या मिलीत ५० युनिट. वीसऐवजी पन्नास, अडीचपट. उलटं केलं, म्हणजे ४० ची व्हायल आणि केशरी सिरिंज, तर '२०' च्या रेघेवर जेमतेम ८ युनिट जातात आणि पेशंटची साखर दोन दिवस का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात. मला हा दुसरा प्रकार जास्त त्रासाचा वाटतो. वाढवलेला डोस तसाच लिहिलेला राहतो आणि कधीतरी कोणीतरी बरोबर सिरिंज उचलतं.

फार्मासिस्टसोबत ठरवलं : वॉर्डात फक्त ४० ची व्हायल आणि लाल सिरिंज. केशरी वॉर्डात राहणारच नाही. १०० चं इन्सुलिन फक्त पेनानं, ज्याचं त्याच्याच पेनानं, दर वेळी नवी सुई. कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढायचं नाही, पेन बिघडलं तर डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचं. 'सिरिंज तपासून वापरा' अशी पाटी लावू का, असं एकीनं विचारलं. चुकीची सिरिंज खणातच नसेल तर पाटी कशाला?

१२ सप्टेंबर

'थोडक्यात टळलं' वही ठेवली. साधी शंभर पानी. तारीख, वेळ, काय होणार होतं, कशामुळे टळलं. नावाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.

पहिले दिवस वही कोरी. कारण सगळ्यांना ठाऊक आहे : मेमो, म्हणजे वरून येणारा लेखी ठपका. इथं बारा-पंधरा वर्षं काढलेल्या स्टाफला विचारा, कुठल्या वर्षी कोणाला कशाबद्दल मेमो मिळाला ते तोंडपाठ असतं. अशा ठिकाणी आपण होऊन कोण लिहील? मेट्रन मॅडमनी आज दुपारच्या ओव्हरला स्वतः येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की या वहीतल्या नोंदीवर मेमो निघणार नाही. एक सीनियर सिस्टर पटकन म्हणाल्या, "मॅडम, तेवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून सही द्या." मॅडमनी दिली. मला ते फार आवडलं.

१७ सप्टेंबर

जागतिक रुग्णसुरक्षा दिन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ पासून सुरू केलेला. यंदाचा विषय नवजात बाळं आणि मुलं, त्यामुळे मोठा कार्यक्रम बालरुग्ण विभागात. खाली रांगोळी, शपथ, फोटो. आम्ही दोघी फोटोपुरत्या जाऊन आलो.

वहीतली पहिली खरी नोंद आजची आणि ती मावशींची. त्यांनी सांगितलं, स्टाफनं लिहिलं : "चौदा नंबरच्या आजींनी डबा सुनंला दिला. सकाळपासनं ती उपाशी हाय म्हनं. आजी काय जेवल्या न्हाईत, आन् सुई घेऊन बसल्यात." मावशींनी हे पाहिलं म्हणून साखर वेळेत तपासली गेली. आजींच्या केसपेपरवर मात्र 'आहार घेतला' अशी बरोबरची खूण.

कोणाचा डबा आला, कोण अर्धी भाकरी टाकून झोपलं, कोणाची सून भांडून गेली, हे सगळं वॉर्डात मावशींना माहीत असतं. फाईलमध्ये त्यातलं काही येत नाही. पुढच्या बैठकीला मावशी गटात आल्या. या वेळी कोणी हसलं नाही.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. कोल्हापुरात नवरात्र म्हणजे वॉर्डातही नवरात्र. सकाळच्या राऊंडला विचारलं तर कोणी उपास धरलाय असं म्हणत नाही, डॉक्टर ओरडतील म्हणून. ओव्हरनंतर हळूच बसून विचारलं की निघतात. कोणाचा उठता-बसता, कोणाचे नऊ दिवस एकवेळ, एका काकूंचा फक्त फळांवर.

"देवीचं हाय सिस्टर, सोडायला न्हाई सांगायचं," असं एकीनं आधीच बजावलं. मी सोडा म्हटलंच नाही. काय खाणार आणि किती वाजता, एवढंच विचारलं आणि डॉक्टरांना कळवलं. डोस कमी-जास्त करणं त्यांचं काम. उपास लपवला जातो तिथं पूर्ण डोस जातो आणि पोटात काहीच नसतं. उघड झाला की त्याची व्यवस्था लावता येते. उलट बाजूही आहे : साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन 'आज काय खाल्लंच नाही' म्हणणाऱ्यांची साखर तीनशेच्या पुढे.

ओव्हरच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली : आज उपास / डबा / रुग्णालयाचं जेवण.

२७ सप्टेंबर

नियम फिजिशियन सरांच्या सहीनं निघाला. जेवणाआधीचं इन्सुलिन घड्याळाला बांधलेलं राहणार नाही. डबा वॉर्डात आल्यावर साखर तपासायची, इन्सुलिन द्यायचं, अर्ध्या तासानं डबा उघडायचा. दीडपर्यंत डबा आला नाही तर स्वयंपाकघरातून ताट मागवायचं, त्याचे पैसे नातेवाइकांकडून घ्यायचे नाहीत. या शेवटच्या वाक्यासाठी लेखा विभागाशी दोन बैठका झाल्या. त्या लिहीत नाही.

डबा आल्याचं कळायचं कसं? आम्ही खाटेला दोन बाजूंचं कार्ड अडकवलं. एका बाजूला रिकामं ताट, दुसरीकडे भरलेलं. डबा आला की मावशी कार्ड फिरवणार. कल्पना चांगली होती, चार दिवस चालली. मग भेटीच्या वेळी येणाऱ्या पोरांना ती कार्डं फिरवायचा नाद लागला. एका सकाळी नऊलाच सगळी ताटं भरलेली. आता तीच कार्डं ड्यूटी टेबलामागच्या फळीवर, खाटेच्या नंबराखाली. मावशी येता-जाता फिरवतात आणि मोठ्यानं सांगतातही.

३ ऑक्टोबर

दोघींनी तपासण्याचा प्रश्न. नियमानं हाय अलर्ट औषध देण्याआधी दुसऱ्या नर्सनं स्वतंत्रपणे तपासायचं. आमच्याकडे दोन सह्या प्रत्येक चार्टवर होत्या, पण मी आठवडाभर नुसती उभी राहून पाहिलं. दुसरी सही टेबलावर बसून, नंतर, एकदम दहा चार्टवर होते. पहिलीनं सिरिंज दाखवून "दहा आहे ना?" म्हटलं की दुसरी "हो" म्हणते. उत्तर आधी सांगून विचारलेल्या प्रश्नाला कोणीही हो म्हणतं.

बदल असा : दुसरी तपासणी फक्त इन्सुलिन, हेपारिन आणि पोटॅशियमला. बाकी औषधांवरची दुसरी सही बंद. दुसरीनं आधी चार्ट वाचायचा, डोस स्वतः म्हणायचा, मग सिरिंज बघायची. रात्री वॉर्डात एकच स्टाफ असते, तिनं शेजारच्या सर्जरी वॉर्डातल्या सिस्टरला बोलवायचं. "रात्री बारा वाजता कोण येणार आहे?" या स्टाफच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. रात्रीचा डोस साडेआठलाच, दुपारची ड्यूटी निघायच्या आत, घेतला की निम्मी अडचण सुटते. तसं सरांशी बोलणार आहे.

डोस लिहिण्याबद्दलही. इंग्रजी 'यू' अक्षर घाईत लिहिलं की शून्य दिसतं आणि १० चे १०० होतात. 'युनिट' शब्द पूर्ण लिहायचा. डॉक्टरांना हे सांगणं नर्सला अवघड जातं म्हणून आरएमओ सरांनीच सांगितलं.

८ ऑक्टोबर

इन्सुलिनच्या बाहेरची नोंद, पण इथंच लिहिते. रात्री शौचालयाच्या वाटेवर पडलेल्या पेशंटचे कागद बघताना दिसलं की बरेचसे लॅसिक्सवर (लघवी वाढवणारी गोळी) आणि दुसरी गोळी रात्री आठला. गोळीचा जोर सहा-आठ तास. म्हणजे मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चार फेऱ्या, अंधारात, हाताला सलाईन, खाली चटईवर नातेवाईक झोपलेले. मॉर्स स्केलवर (पडण्याचा धोका मोजायची गुणपत्रिका, ४५ म्हणजे धोका जास्त) सलाईनचेच २० गुण आहेत, आधी पडल्याचे २५, आणि आमच्या बऱ्याच आजी-आजोबांचे ४५ चालत्या पायीच पुरे होतात. स्केल भरून खाटेला पिवळी पट्टी बांधत होतो, तेही ठीक. दुसरी गोळी दुपारी चारला आणली. एवढंच केलं.

१५ ऑक्टोबर

घरच्या वहीबद्दल. नातेवाईक साखरेची आणि डोसची वही आणतात, ते उत्तमच. पण आकडे मराठीत. एका सुनेनं नीट लिहिलेलं : 'रात्री ४'. दाखल करून घेताना तो आकडा इंग्रजी ८ वाचला गेला आणि चार्टवर आठ युनिट आले. ओव्हरला पेशंटलाच विचारलं म्हणून निघालं. आपण सगळे मराठीच, दोन्ही आकडे येतात, पण केसपेपरवरचे बाकी आकडे इंग्रजी असले की डोळा त्याच सवयीनं पुढे जातो. मराठी १ सुद्धा घाईत इंग्रजी ९ होतो. आता दाखल करताना वही समोर ठेवून पेशंटला किंवा नातेवाइकाला आकडा तोंडानं म्हणायला लावतो आणि अक्षरात लिहितो. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या पेशंटशी बोटांवर.

याच ओघात ओळखीचाही मुद्दा. या जिल्ह्यात 'पाटील काका' अशी हाक मारली तर वॉर्डात तीन माणसं उठून बसतात. मागच्या आठवड्यात नाव, आडनाव दोन्ही एकच असलेले दोघं समोरासमोरच्या खाटांवर होते. हातपट्टीवरचा नोंदणी क्रमांक वाचायचा आणि नाव पेशंटनं सांगायचं. खाट नंबर ही ओळख धरायची नाही. खाटा बदलतात, खिडकीची जागा सगळ्यांना हवी असते.

२४ ऑक्टोबर

नव्या नियमाचा नवा घोळ. दोन रात्री एका पेशंटचं ग्लार्जिन दिलं गेलं नाही, कारण फळीवर ताट रिकामं होतं. ग्लार्जिन हे दिवसभर संथ चालणारं इन्सुलिन, जेवणाशी त्याची गाठ नाही. ते ठरल्या वेळीच जायला हवं, थांबवायचं तर डॉक्टर सांगतील. स्टाफनं नियम प्रामाणिकपणे पाळला, नियमच अर्धवट लिहिलेला. चार्टवर दोन वेगळे रकाने केले : 'ताटाचं' आणि 'वेळेचं'. ही नावं मावशींची. फिजिशियन सरांना थोडी गावठी वाटली, पण राहिली.

हायपो झाला की उघडायच्या औषधांच्या डब्यातही बदल. त्यात कोणीतरी गुळाचे खडे ठेवले होते. कोल्हापूरचा गूळ, कौतुक आहेच, पण खडा चघळायला वेळ लागतो आणि किती गेला ते मोजता येत नाही. शुद्धीवर असलेल्याला तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज. डब्यात आता साखरेच्या मोजलेल्या पुड्या.

५ नोव्हेंबर

पोटॅशियमला हात घातला, फार वेळ लागला नाही. १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखं आणि ठेवलेलं तिच्याच शेजारच्या कप्प्यात. ट्रॉलीवरून काढून कुलपाच्या कपाटात लाल डब्यात ठेवलं, किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे. एक गोष्ट जुन्या स्टाफलाही पुन्हा सांगावी लागली : टांगलेल्या बाटलीत पोटॅशियम टोचायचं नाही. ते तळाशी बसतं आणि पहिल्या धारेतच सगळं जातं. बाटली उतरवून, टोचून, चार-पाच वेळा उलटीपालटी करून मगच लावायची. आणि नातेवाइकांना सांगायचं की सलाईनच्या चाकाला हात लावू नका. "लवकर संपली की लवकर सोडतील" असा समज फार पक्का आहे.

१४ नोव्हेंबर

जागतिक मधुमेह दिन, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा जन्मदिवस. वॉर्डात काही केलं नाही, कारण खाटा भरलेल्या. गळीत हंगाम सुरू झालाय.

दुपारचे हायपो कमी झालेत, हे वही आणि केसपेपर दोन्ही सांगतात. पण नवी अडचण डबा नसणाऱ्यांची. ऊसतोडीला आलेल्या एका बाईंना दाखल केलंय. बिराड फडावर, नवरा पहाटे कोयता घेऊन जातो तो रात्री येतो. फळीवर त्यांचं ताट दीडपर्यंत रिकामं आणि मग स्वयंपाकघराला निरोप, तोपर्यंत ती बाई उपाशी. दीडची मर्यादा डबा येणार असलेल्यांसाठी होती. अशांना दाखल करतानाच 'रुग्णालयाचं ताट' लिहायचं आणि पावणेबाराला मागवायचं, असं आज ठरलं. लेखा विभागाला पुन्हा पत्र.

सर्जरी वॉर्डातून काल बदलून आलेल्या पेशंटच्या फाईलला केशरी टोपणाची सिरिंज चिकटपट्टीनं लावलेली होती. परत पाठवली. सर्जरीच्या इन्चार्ज सिस्टरांना खणाची आमची यादी हवी आहे. सोमवारी फार्मासिस्टना घेऊन त्यांच्याकडे जायचं. जाताना मावशींनाही न्यायचं, त्यांच्या वॉर्डातल्या मावशींना फळी कशी चालते ते त्याच सांगतील.